कर्करोगाची पेशी घर का सोडते?

मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग इतर त्वचाकर्करोगांच्या मानाने कमी आढळतो, पण त्या सर्वांत घातक आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून त्याची सुरुवात होते आणि पुष्कळदा तो एखाद्या काळ्या तिळासारखा दिसतो. त्याची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी असताना तो कापून काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. जाडी वाढत गेली की धोकाही वाढत जातो. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९७० मध्ये हा संबंध मोजून दाखवला. त्याचे कारण समजायला सोपे आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात; त्या खालच्या थरात असतात. खाली उतरलेल्या पेशींना रक्ताचा आणि लसिकेचा मार्ग सापडतो आणि त्या फुप्फुस, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत जाऊन नव्या गाठी तयार करतात. रुग्ण दगावतो तो बहुधा त्वचेवरच्या मूळ गाठीने नव्हे, तर या दुय्यम गाठींमुळे.

वर्गात आपण कर्करोगाची व्याख्या ‘पेशींची अनिर्बंध वाढ’ अशी सांगतो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. चामखिळीतल्या पेशीही जादा वाढतात, पण त्या जागा सोडून जात नाहीत. मग मेलॅनोमाची पेशी जागा का सोडते? घरी राहणारी पेशी आणि बाहेर पडणारी पेशी यांच्यात नेमका फरक कोणता? गेली दोनशे वर्षे या प्रश्नाची उत्तरे शोधली जात आहेत. प्रत्येक उत्तराने प्रश्नच थोडा बदलला, म्हणून हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

काळी गाठ

लंडनचे प्रसिद्ध शल्यवैद्य जॉन हंटर यांनी १७८७ मध्ये पस्तीस वर्षांच्या एका माणसाच्या जबड्याजवळची गाठ कापून काढली आणि जपून ठेवली. तो रोग कोणता, हे त्यांना ठाऊक नव्हते. ती गाठ त्यांच्या संग्रहात राहिली आणि १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर ती मेलॅनोमाची असल्याचे निश्चित झाले.

हा एक स्वतंत्र रोग आहे हे प्रथम ओळखले फ्रान्समधील रेने लेनेक यांनी. हेच लेनेक पुढे १८१६ मध्ये स्टेथोस्कोपचे जनक ठरले. १८०४ मध्ये पॅरिसच्या वैद्यकशाळेत त्यांनी या काळ्या गाठींवर व्याख्यान दिले आणि ‘काळा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून रोगाला नाव दिले. फुप्फुसाजवळच्या लसिकाग्रंथी पुष्कळ माणसांत काळसर असतात. ते काळेपण आणि या रोगाचे काळेपण वेगळे आहे, हे त्यांनी दाखवले.

इंग्लंडमधील स्टोअरब्रिज या गावी विल्यम नॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८२० मध्ये अशाच एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाच्या मृत्यूनंतर त्यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा शरीरात ठिकठिकाणी काळ्या गाठी आढळल्या. रुग्णाच्या वडिलांनाही असाच आजार झाला होता, याचीही त्यांनी नोंद केली. १८५७ मध्ये त्यांनी आठ रुग्णांची माहिती दिली आणि या रोगाचा तिळांशी व आनुवंशिकतेशी संबंध असावा असे सुचवले. लक्षात घ्या, मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध अजून नऊ वर्षे दूर होता.

मेलॅनोमाच्या दुय्यम गाठीही बहुधा काळ्या असतात. त्यामुळे फुप्फुसातली किंवा यकृतातली गाठ त्वचेवरून आलेली आहे हे नुसत्या डोळ्यांनाही कळत असे. फैलावाच्या अभ्यासात हा कर्करोग पुढे इतका उपयोगी पडला, त्यात या रंगाचा मोठा वाटा आहे.

बी आणि माती

आता दुसरा प्रश्न. पेशी रक्तात पोचल्या की त्या सगळीकडेच जाणार. मग गाठी ठरावीक अवयवांतच जास्त का होतात? इंग्लंडचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनांच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात २४१ जणींना गाठी होत्या, तर प्लीहेत फक्त १७ जणींना. रक्तपुरवठा दोन्ही अवयवांना भरपूर असतो. मग इतका फरक का? पॅजेट म्हणाले की बी वाऱ्यावर सगळीकडे जाते, पण रुजते ते मानवेल त्या मातीत. पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे माती.

ही कल्पना शेतकऱ्याला लगेच पटेल अशी होती, पण त्या काळच्या शास्त्राला ती तपासता येण्याजोगी नव्हती. १९२० च्या दशकात अमेरिकेतील जेम्स यूइंग यांनी वेगळे मत मांडले. रक्तवाहिन्यांची रचनाच सारे ठरवते, पेशी वाहत जाऊन पहिल्या बारीक केशवाहिनीत अडकते आणि तिथेच वाढते, असे ते म्हणत. मत सुटसुटीत होते आणि यूइंग यांचा अधिकारही मोठा होता. पुढची काही दशके बी आणि माती मागे पडली.

हजारांत एक

हा वाद पुन्हा उघडला तो आयझाया फिडलर या पशुवैद्याने. कर्करोग झालेल्या कुत्र्यांवर ते शस्त्रक्रिया करत. मूळ गाठ नीट काढली तरी प्राणी दुय्यम गाठींनी मरतो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिले होते. शस्त्रक्रियेची वाट सोडून ते संशोधनाकडे वळले. त्यांच्या हाती उंदरांतील मेलॅनोमाच्या पेशींचा एक वाण होता. त्याचे नाव बी-१६. तो १९५४ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेतील एका उंदरात आढळला होता.

१९७० मध्ये फिडलर यांनी या पेशींना किरणोत्सारी आयोडिनाची खूण केली आणि त्या उंदराच्या शिरेत सोडल्या. किरणोत्सर्ग मोजून किती पेशी कुठे गेल्या, किती उरल्या हे कळत होते. चोवीस तासांत बहुतेक सगळ्या मेल्या. गाठ तयार करण्यापर्यंत टिकल्या त्या हजारांत एकीहूनही कमी. रक्तात पोचणे पुरेसे नव्हते.

मग टिकलेल्या पेशी नशीबवान होत्या की मुळातच वेगळ्या? १९७३ मध्ये त्यांनी फुप्फुसातल्या गाठी काढून त्यांतील पेशी वाढवल्या आणि पुन्हा नव्या उंदरांत सोडल्या. असे दहा वेळा केले. दहाव्या फेरीतील वाण पहिल्या फेरीतील वाणापेक्षा कितीतरी जास्त गाठी निर्माण करत होता. जोंधळ्याची चांगली कणसे निवडून पुढच्या वर्षी पेरावीत, तशीच ही निवड होती.

तरीही एक शंका उरतेच. पेशी आधीपासून वेगळ्या होत्या, की फुप्फुसात राहून वेगळ्या झाल्या? याचे उत्तर फिडलर आणि मार्गारेट क्रिप्की यांनी १९७७ मध्ये दिले. त्यासाठी त्यांनी जिवाणूशास्त्रातली एक जुनी युक्ती उसनी घेतली. जिवाणूंमधील प्रतिकारशक्ती विषाणूची गाठ पडल्यावर येते की त्याआधीच काहींत असते, हे ठरवण्यासाठी लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये ही युक्ती वापरली होती.

ती अशी समजून घेऊ. एका पोत्यात निरनिराळ्या जातींचे मिश्र बियाणे आहे. त्यातून दहा मुठी काढून दहा वाफ्यांत पेरल्या, तर दहाही वाफे साधारण सारखेच दिसतील. पण पोत्यातून दहा दाणे घेतले, प्रत्येक दाण्यापासून वेगळे बियाणे वाढवले आणि मग दहा वाफ्यांत ते वेगवेगळे पेरले, तर? पोते एकाच जातीचे असेल तर वाफे याही वेळी सारखे दिसतील. मिश्र असेल तर एक वाफा उंच, एक खुजा, एक लवकर पिकणारा असे वेगळेपण दिसेल.

फिडलर आणि क्रिप्की यांनी हेच पेशींवर केले. मूळ मिश्रणाचे भाग करून ते उंदरांत सोडले, तेव्हा फुप्फुसांत साधारण सारख्या गाठी झाल्या. एकेका पेशीपासून वाढवलेले वंश वेगवेगळे सोडले, तेव्हा काही वंशांनी थोड्याच गाठी केल्या, काहींनी शेकडो. म्हणजे मूळ गाठीतच निरनिराळ्या स्वभावाच्या पेशी आधीपासून होत्या.

मातीचीही परीक्षा झाली. १९८० मध्ये हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांच्या शरीरात फुप्फुसाचे, अंडाशयाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे रोपले. बी-१६ पेशी सोडल्यावर फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी झाल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यांत झाल्या नाहीत. नव्वद वर्षांनंतर पॅजेट यांचे म्हणणे प्रयोगाने खरे ठरले.

दारे धरणारा

पेशींचे स्वभाव वेगळे असतात हे ठरले. पण हा वेगळेपणा कशाचा बनलेला असतो? त्या काळी सहज सुचणारे उत्तर होते उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएच्या मजकुरातील बदल. १९८४ मध्ये कॅनडातील हिल, चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उत्तराला धक्का दिला. बी-१६ पेशींत फैलावणारे प्रकार फार वेगाने निर्माण होतात आणि तितक्याच सहज नाहीसेही होतात, असे त्यांना दिसले. नेहमीचे उत्परिवर्तन इतक्या वारंवार होत नाही, आणि झालेले सहसा पुसले जात नाही. म्हणजे इथे मजकूर बदलत नसून दुसरेच काही बदलत असावे.

ते दुसरे काय, हे समजण्यासाठी जनुकांच्या नियंत्रणाची कल्पना हवी. आपल्या डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांच्यातला डीएनए एकच असतो. तरी त्यांची कामे वेगळी, कारण प्रत्येकीत वेगळी जनुके वाचली जातात. उसाच्या मळ्यात पाणी देताना एक माणूस दारे धरतो. तो एका वाफ्याचे तोंड उघडतो आणि दुसऱ्याचे मातीने बुजवतो. पाट तोच असतो, पाणीही तेच असते. कोणता वाफा भिजेल हे दारे धरणाऱ्यावर ठरते. पेशीत हे काम काही विशिष्ट प्रथिने करतात. ती डीएनएच्या ठरावीक जागी बसतात आणि शेजारच्या जनुकाचे वाचन सुरू किंवा बंद करतात. फ्रान्समधील झाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये जिवाणूंत हे तत्त्व उलगडले. दुधातील शर्करा पचवणारे विकर जिवाणू ती शर्करा असतानाच बनवतो. एरवी ते दार बंद असते.

कर्करोगाच्या फैलावात असे बंद दार प्रथम दाखवले पॅट्रिशिया स्टीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८८ मध्ये. उंदरांतील मेलॅनोमाच्या पेशींचे एकाच गाठीपासून मिळवलेले अनेक वंश त्यांनी घेतले. काही खूप फैलावणारे, काही फारसे न फैलावणारे. एका जनुकाचे वाचन न फैलावणाऱ्या वंशांत भरपूर होत होते आणि फैलावणाऱ्यांत अगदी कमी. त्याला त्यांनी एनएम-२३ असे नाव दिले. १९९१ मध्ये हे जनुक फैलावणाऱ्या पेशींत घालून जोरात चालू केल्यावर त्यांचा फैलाव कमी झाला.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. मेलॅनोमात सहाव्या गुणसूत्राचा भाग पुष्कळदा हरवलेला असतो. डॅनी वेल्च आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये माणसाच्या अतिशय फैलावणाऱ्या मेलॅनोमा पेशींत एक निरोगी सहावे गुणसूत्र घातले. उंदरांत या पेशींची गाठ जागेवर पूर्वीसारखीच वाढली, पण दूर कुठेही गेली नाही. वाढ आणि फैलाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

मग त्यांनी अशा पेशींत कोणते जनुक नव्याने वाचले जात आहे, याचा शोध घेतला. १९९६ मध्ये ते सापडले. प्रयोगशाळा पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी होती आणि ते गाव ‘किस’ नावाच्या चॉकलेटसाठी प्रसिद्ध. त्यावरून जनुकाचे नाव पडले किस-१. पण ते सहाव्या गुणसूत्रावर नव्हतेच, ते होते पहिल्या गुणसूत्रावर! म्हणजे फैलावणाऱ्या पेशीत किस-१ हजर होते, फक्त वाचले जात नव्हते. सहाव्या गुणसूत्राबरोबर आला होता तो दारे धरणारा. अशा एका नियंत्रक जनुकाची ओळख २००३ मध्ये पटली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. किस-१ चा संदेश ग्रहण करणारे प्रथिन ज्यांच्यात बिघडलेले असते, अशी मुले वयातच येत नाहीत. शरीर एकच जनुक एका ठिकाणी वयात येण्यासाठी वापरते, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच जनुकामुळे पेशी जागेवर राहते.

पुढे हजारो जनुकांचे वाचन एकाच वेळी मोजता येऊ लागले. २००० मध्ये क्लार्क, हाइन्स आणि सहकाऱ्यांनी फिडलर यांचीच जुनी निवडपद्धत वापरून फैलावणारे मेलॅनोमा वंश तयार केले आणि त्यांत कोणत्या जनुकांचे वाचन वाढले ते पाहिले. पेशीचा अंतर्गत सांगाडा हलवणारे ऱ्होसी हे जनुक त्यांत होते. ते एकटे वाढवले तरी पेशी जास्त फैलावत.

जुनी वाट

नियंत्रण बदलते, हे मान्य. पण पेशी प्रवासाची ही सारी विद्या कुठे शिकते? उत्तर भ्रूणात आहे. पुढे जिथे पाठीचा कणा येतो, तिथे भ्रूणात एक नळी तयार होते. तिच्या वरच्या कडेवरील पेशींच्या पट्ट्याला चेताशिखा म्हणतात. फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांनी १९६९ पासून लाव्याच्या भ्रूणातील पेशी कोंबडीच्या भ्रूणात रोपून या पेशींचा माग काढला. दोन्ही पक्ष्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखता येतात. चेताशिखेतील पेशी लांबलांबचा प्रवास करतात. काहींच्या चेतापेशी होतात, काहींपासून चेहऱ्याची हाडे बनतात आणि काही त्वचेत पोचून रंगपेशी होतात. मुक्कामी पोचल्यावर प्रवासाची जनुके शांत होतात.

मेलॅनोमात ती पुन्हा जागी होतात. २००५ मध्ये पीयूष गुप्ता, रॉबर्ट वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींना एकाच संचातील जनुकांनी कर्करोगी बनवले. बिघाड तोच, पण रंगपेशींपासून झालेल्या गाठी दूरवर फैलावल्या. इतर पेशींपासून झालेल्या क्वचितच. चेताशिखेच्या प्रवासाशी संबंधित ‘स्लग’ नावाचे नियंत्रक प्रथिन कमी केल्यावर रंगपेशींच्या गाठींचाही फैलाव घटला. २००६ मध्ये कुलेसा, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेलॅनोमा पेशी कोंबडीच्या भ्रूणात चेताशिखेच्या जागी ठेवल्या. त्यांनी तिथे गाठ केली नाही. त्या चेताशिखेच्याच वाटांनी शिस्तीत चालू लागल्या! बी तेच, पण माती बदलताच स्वभाव बदलला.

वाढ की वाटचाल?

या सगळ्यांत रंगपेशींचा मुख्य नियंत्रक कोण? त्याची कथा १९४२ पर्यंत मागे जाते. क्ष-किरण दिलेल्या उंदरांच्या वंशात पांढऱ्या केसांची, बारीक डोळ्यांची पिले जन्मल्याचे जर्मनीतील पाउला हर्टविग यांनी नोंदवले. त्यामागचे जनुक १९९३ मध्ये सापडले. त्यापासून बनणारे एमआयटीएफ हे प्रथिन रंगपेशीत अनेक जनुकांची दारे धरते. ते नसेल तर रंगपेशीच होत नाहीत, म्हणून केस पांढरे.

२००६ मध्ये कॉलिन गोडिंग यांच्या गटाने दाखवले की मेलॅनोमाच्या पेशीत या प्रथिनाचे प्रमाण फार महत्त्वाचे असते. पुरेसे असेल तर पेशी विभागत राहते. बरेच कमी झाले तर विभाजन मंदावते आणि पेशी आसपास घुसू लागते. त्याच सुमारास झुरिचमध्ये कीथ होक आणि सहकाऱ्यांना वाचल्या जाणाऱ्या जनुकांवरून मेलॅनोमा पेशींचे असेच दोन गट दिसले होते, एक वाढणारा आणि एक घुसणारा.

हे दोन वेगळे वाण की एकाच पेशीच्या दोन अवस्था? २००८ मध्ये होक यांनी दोन्ही प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या उंदरांत टोचल्या. वाढणाऱ्या पेशींची गाठ सुमारे १४ दिवसांत दिसली, घुसणाऱ्यांची सुमारे ५९ दिवसांनी. पण गाठी कापून पाहिल्या तेव्हा दोन्हींत दोन्ही प्रकारच्या पेशी होत्या. म्हणजे पेशी एका अवस्थेतून दुसरीत जाते आणि परतही येते. गाठ सोडताना ‘वाटचाल’, नव्या अवयवात रुजल्यावर ‘वाढ’.

आता मागे वळून फिडलर यांच्या प्रयोगाकडे पाहू. तो चुकला होता का? नाही. गाठीतील पेशी आधीपासून वेगळ्या असतात, एवढेच त्याने विचारले आणि त्याचे उत्तर बरोबर आले. तो वेगळेपणा मजकुरातला की वाचनातला, हे त्या प्रयोगाला विचारताच येत नव्हते. विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. प्रयोग विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. त्याच्यावर न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लादू नये.

उत्परिवर्तनांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. बीराफ या जनुकातील बिघाड २००२ मध्ये सापडला आणि तो सुमारे निम्म्या मेलॅनोमांत असतो. त्यावरचे व्हेम्युराफेनिब हे औषध अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. पसरलेल्या गाठी त्याने झपाट्याने आटल्या, पण पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांनी परतल्या. कारणे अनेक आहेत. त्यांतले एक असे की काही पेशी आपली अवस्था बदलतात आणि औषधाच्या माऱ्यातून निसटतात. २०१३ मध्ये आढळलेला बिघाड तर नियंत्रणाचाच होता. पुष्कळ मेलॅनोमांत टर्ट या जनुकाचा मजकूर शाबूत असतो, पण त्याला चालू करणाऱ्या शेजारच्या पट्टीत एका अक्षराचा बदल झालेला असतो. दारच असे मोडते की ते बंद होत नाही. अवस्था बदलणाऱ्या पेशींना दोन्हीकडून कसे अडवायचे, यावर आज संशोधन चालू आहे.

तेव्हा वर्गातली व्याख्या थोडी वाढवायला हरकत नाही. कर्करोग म्हणजे पेशींची अनिर्बंध वाढ, आणि ज्या पेशींनी मुक्कामी राहायचे त्यांनी पुन्हा प्रवासाला निघणे. त्याबरोबर एक उपयोगाची गोष्टही सांगावी. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे मेलॅनोमा बराच कमी होतो. पण सावळ्या त्वचेत तो उन्हात न येणाऱ्या तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होण्याचे प्रमाण अधिक असते आणि तिथे तो लवकर लक्षात येत नाही. अशा जागी नवा काळा डाग उमटला, असलेला तीळ पसरू लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली किंवा त्यातून रक्त येऊ लागले, तर काटा रुतला असेल म्हणून वाट पाहू नये. डॉक्टरांना दाखवावे. पेशी घराबाहेर पडण्यापूर्वीचा उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे.